कोर्टाची ऑर्डर आहे तरी मुलीला भेटू देत नाहीत, पुढे काय करू?

फोंडेकर८४ :
नमस्कार. इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोय कारण घरात बोलायला गेलं की आई रडते आणि मित्रांना सांगितलं की ते सरळ भांडायचीच भाषा करतात. माझा घटस्फोट झालाय, मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे, ती आईकडे म्हणजे तिच्या आजोळी म्हापशाजवळ राहते. ताबा आईकडे राहू दे हे मी स्वतःच मान्य केलेलं, त्यावर माझी तक्रार नाही, मुलगी लहान आहे आणि माझी वेर्णाला शिफ्ट ड्युटी. पण ऑर्डरमध्ये स्पष्ट आहे की महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार सकाळी १० ते संध्याकाळी ५ ती माझ्याकडे, चवथीच्या (गणपतीच्या) आणि मे महिन्याच्या सुट्टीतली अर्धी सुट्टी माझ्याकडे, आणि रोज संध्याकाळी एक फोन.

सुरुवातीला बरं चाललं होतं. मग हळूहळू सुरू झालं, तिला ताप आहे, तिचा क्लास आहे, नातेवाईकांकडे लग्न आहे, ती झोपलीय, आणि आता सगळ्यात वाईट म्हणजे "ती यायला तयार नाही, मी काय ओढून पाठवू का". मागच्या ठरलेल्या रविवारी पोट बिघडलंय म्हणून सकाळी मेसेज आला, मी म्हटलं ठीक आहे आराम करू दे, आणि संध्याकाळी तिच्या मावशीच्या स्टेटसला ती मिरामारला वाळूत किल्ला करत बसलेली दिसली. मी तो फोटो कितीतरी वेळ बघत बसलो, तिचे पुढचे दोन दात पडलेत ते मला त्या फोटोत कळलं.

फोनही तसाच. उचलला तर स्पीकरवर, शेजारी कोणतरी बसलेलं, मुलगी "हो", "नाही", "जेवले" एवढंच बोलते. परवा म्हणाली पप्पा तू आईवर केस घातलीस ना. सात वर्षांच्या पोरीला केस हा शब्द कुठून कळणार?

पोलिसांकडे गेलो तर म्हणाले हे सिव्हिल मॅटर, कोर्टात जा. माझा आधीचा वकील फोन घेत नाही. चुलतभाऊ म्हणतो पोटगी बंद कर म्हणजे आपोआप धावत येतील. आणि आता कानावर येतंय की ती पुण्याला नोकरी बघतेय, मुलीला घेऊन जाणार. तसं झालं तर रविवार वगैरे सगळं संपलंच. यातून कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, मला भांडण नकोय, मला माझी मुलगी रविवारी भेटली पाहिजे एवढंच.

काणकोणचा_राजू :
भाऊ तुझा चुलतभाऊ बरोबर बोलतोय. पैसे थांबव, आठ दिवसात फोन येतो की नाही बघ. कायदा सगळा त्यांच्याच बाजूने आहे, सरळ बोटाने काही निघत नाही.

मडगावकर_बाबा :
राजू, कृपा करून असले सल्ले देऊ नकोस, यात माणूस कायमचा अडकतो. दादा, पोटगी एक दिवसही उशिरा जाऊ देऊ नका. पोटगी मुलीच्या दुधाची, फीची, ती काय भेटीचं तिकीट नाही. आणि पैसे थांबवले की समोरच्या वकिलाला आयतं मिळतं, उद्या कोर्टात भेटीचा विषय बाजूलाच राहतो आणि तुम्ही थकबाकीदार म्हणून उभे. क्रिमिनल कोर्टाची पोटगीची ऑर्डर असेल तर वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत आत टाकू शकतात. माझ्या ओळखीत एकाने हे केलं, अजून निस्तरतोय.

मी यातून गेलोय, मुलगा होता माझा, आता मोठा झालाय आणि माझ्याकडे येतो जातो. मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. प्रत्येक ठरलेल्या रविवारी जायचंच. आदल्या दिवशी "उद्या येऊ नको" असा मेसेज आला तरी जायचं, वेळेवर, दहाला म्हणजे दहाला. गेटबाहेर उभं राहून एक मेसेज टाकायचा, "मी १० वाजता घराबाहेर आलोय, ऑर्डरप्रमाणे मुलीला न्यायला", बस. त्यात राग नाही, टोमणा नाही, तुझ्या आईने असं केलं नि तसं केलं काही नाही. उत्तर येवो न येवो, अर्धा तास थांबायचं आणि "१०.३० पर्यंत थांबलो, मुलगी आली नाही, पुढच्या ठरलेल्या रविवारी येतो" असा दुसरा मेसेज टाकून निघायचं. उद्या जज हे मेसेज वाचणार आहे असं समजून लिहायचं. गेटवर आवाज चढवायचा नाही, शेजारी बघतात आणि खिडकीतून मुलगीपण बघते. मुलीला पाठवत नाहीत या रागात माणूस ओरडतो आणि मग तेच "बघा हा कसा हिंसक आहे" म्हणून अर्जात येतं.

दुसरं, तो स्टेटसचा फोटो. ओरडून जाब विचारू नका. स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा आणि गप्प राहा.

आणि शाळा. शाळेत जाऊन तमाशा न करता हेडमिस्ट्रेसना शांतपणे भेटा, जन्मदाखल्यावर बाप म्हणून तुमचं नाव आहे, प्रगतीपुस्तक आणि गॅदरिंगची तारीख मला पण कळवा म्हणून लेखी अर्ज द्या, सोबत ऑर्डरची कॉपी. शाळेत मुलीला परस्पर उचलायला मात्र कधीच जायचं नाही.

दोन_लेकरांची_आई :
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे माझ्याकडे मुलं राहतात आणि त्यांचा बाप त्यांना न्यायला येतो. म्हणून थोडं वेगळं लिहिते, रागावू नका.

मुलीला न पाठवणं चूक आहे, तो पोट बिघडल्याचा खोटा मेसेज तर अगदीच चूक, त्यात मला काही वेगळं म्हणायचं नाही. पण "ती यायला तयार नाही" हे दर वेळी आईने पढवलेलंच असतं असं नाही हो. माझा धाकटा पण असंच करायचा, रविवार उजाडला की पोटात दुखतं म्हणायचा आणि मला भीती वाटायची की तिकडे काही होतंय का. नंतर कळलं की तिकडे दिवसभर मोठी माणसं टीव्ही बघत बसायची, त्याला खेळायला कोणी नाही, आणि आजी सारखी विचारायची आई घरी काय करते, कोण येतं, फोनवर कोणाशी बोलते. पोर कंटाळायचं आणि घाबरायचं. बापाला मी हे लिहून कळवलं, त्याने ऐकलं, रविवारी त्याला घेऊन कांपालच्या बागेत नाहीतर नदीवर जायला लागला, आजीलापण समजावलं. मग पोटदुखी गेली.

तर तुम्ही विचार करा की मुलगी तुमच्याकडे येते तेव्हा सात तास काय करते, कोणाबरोबर असते, जेवते काय, तिची एखादी वस्तू तुमच्या घरी कायमची आहे का, रंगाची पेटी, उशी, काहीतरी. तिला आईबद्दल एकही प्रश्न विचारू नका, तुमच्या आईलापण सांगा. आणि तिने केसबद्दल विचारलं तर "कोण सांगितलं तुला" असं तर मुळीच नको, ती बिचारी लगेच आईला वाचवायला खोटं बोलणार. सरळ सांगा, आईबाबा मोठ्या माणसांच्या गोष्टी मोठ्या माणसांकडे जाऊन सोडवतायत, तुझी त्यात काही चूक नाही, तू दोघांची आहेस.

आणि बायकांच्या बाजूने एक सांगते, कोणी बाप दारू पिऊन गाडी चालवत न्यायला येत असेल, मारत असेल, तर आईने न पाठवणं साहजिक आहे, पण तिनेपण घरात बसून स्वतःच निर्णय न घेता लगेच कोर्टात जाऊन ऑर्डर बदलून घ्यावी, समोर कोणीतरी बसून भेट घडवावी असं मागावं. डोमेस्टिक व्हायलन्सच्या कायद्यात मॅजिस्ट्रेटला भेट थांबवायचापण अधिकार आहे. गेट बंद करणं हा उपाय नाही, दोन्ही बाजूंनी.

फोंडेकर८४ :
ताई राग कसला, उलट बरं वाटलं कोणी असं लिहिलं. माझ्याकडे ती आली की माझी आई तिच्यासाठी सोलकढी, तळलेली मासळी सगळं करते, पण खरं सांगायचं तर आई पण विचारते तिला, तिकडे काय काय म्हणतात माझ्याबद्दल. सांगतो तिला. दारू वगैरे काही नाही हो, मी पीत नाही.

पेडण्याची_आजी :
माझ्या मुलाचं असंच आहे बाळा. चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना नातू नाही म्हणून घर सुनं सुनं वाटतं. त्याला आम्ही आजो-आजी कोण ते आठवत तरी असेल का. कोर्टात आजी-आजोबांना काही विचारतात का कोणी सांगेल का?

बार्देशची_वकील :
मी म्हापशात प्रॅक्टिस करते, अशा मॅटर बऱ्याच करते. इथे लिहिलेलं सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, तुमचे कागद न बघता नेमकं सांगता येत नाही.

आधी गोव्याचं. आपल्याकडे घटस्फोट पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्याखाली होतो, १९१० च्या डिक्रीखाली, आणि ही मॅटर सिव्हिल जज सिनियर डिव्हिजनकडे चालतात. त्यामुळे नेटवर मुंबई-पुण्याच्या फॅमिली कोर्टाचं वाचून जे सांगतात ते इथे तसंच्या तसं लागू होत नाही. तुमची भेटीची ऑर्डर कुठल्या अर्जावर, कुठल्या कलमाखाली झाली ते ऑर्डरच्या पहिल्या पानावर असतं, पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो. वकील फोन घेत नसेल तर कोर्टातून सर्टिफाइड कॉपी स्वतः काढता येते, अर्ज आणि फी भरली की झालं, वकील बदलायचा हक्क तुमचाच आहे. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा, पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत वकील मिळतो, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो.

आता ऑर्डर पाळत नाहीत त्याचं. माझा अनुभव असा की लगेच कंटेम्प्ट, कंटेम्प्ट (कोर्टाचा अवमान) करून धावू नये. खालच्या कोर्टाच्या ऑर्डरचा अवमान झाला तर मॅटर हायकोर्टात पर्वरीला जाते, घटनेपासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, आणि मुलीच्या आईला तुरुंगात टाकायला निघालेला बाप असं चित्र उभं राहतं ते वेगळंच. ते हत्यार असू दे, शेवटचं. आधी ज्या कोर्टाने ऑर्डर दिली तिथेच अर्ज करा की अमुक अमुक रविवारी भेट झाली नाही, तारखा या, मेसेज हे, आणि बुडालेल्या रविवारांच्या बदल्यात तेवढे दिवस भरून द्या. हे भरून मागणं लोक विसरतात. मे महिन्यात सलग चार दिवस मिळाले तर मुलीला तुमच्या घराची परत सवय होते, नुसत्या सात तासात ते होत नाही.

त्याच अर्जात ऑर्डर जास्त स्पष्ट करून मागा. "रविवारी १० ते ५" एवढंच असेल तर पळवाटा हव्या तेवढ्या. न्यायचं कुठून, आणून सोडायचं कुठे, मुलगी खरंच आजारी असेल तर डॉक्टरचा कागद पाठवायचा आणि पुढचा रविवार आपोआप द्यायचा, फोन किती वाजता, किती मिनिटं, स्पीकरवर नाही, हे सगळं लिहून घ्या. घराच्या गेटवर दोन्हीकडचे नातेवाईक जमत असतील तर जागा तिसरीच मागा, माझ्या एका मॅटरमध्ये बोडगेश्वराच्या देवळाकडे मूल द्यायचं-घ्यायचं ठरलं आणि तिथे देवासमोर कोणी आवाज चढवत नाही. फोनबद्दल सुप्रीम कोर्टाने २०२० च्या एका निकालात म्हटलंय की मूल ज्याच्याकडे नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं तरी मुलाशी बोलता आलं पाहिजे. आणि मूल दोघांच्याही मायेचं हक्कदार आहे हेही त्यात आहे, म्हणजे बघा, भेट ही नुसती तुमची मागणी नाही, ती मुलीची आहे. अर्ज त्या सुरात लिहा. "माझा हक्क डावलला" यापेक्षा "मुलीचे दात पडलेले बापाला स्टेटसवर कळतात" हे जजला जास्त कळतं.

मुलाच्या मनात एका पालकाविरुद्ध विष कालवणं याकडे कोर्ट बघतच नाही असं नाही. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने एका मुलीचा ताबा बापाकडून काढून आईला दिला, तेव्हा निकालात पेरेंटल एलियनेशनचा उल्लेख केला होता. तिथे अडवणारा बाप होता, हे राजूभाऊंनी लक्षात घ्यावं, कायदा अमक्याच्या बाजूचा तमक्याच्या बाजूचा असं सरसकट नसतं. २०१५ ला गोव्यातूनच सुप्रीम कोर्टात गेलेल्या मॅटरमध्ये पाच वर्षांच्या आतलं मूल होतं, ताबा आईला दिला पण बापाची भेट ठेवलीच.

मेसेज पुरावा म्हणून देताना नुसती प्रिंट चालत नाही, नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५ब ते हेच. फोन बदलू नका, चॅट डिलीट करू नका. मुलीचं बोलणं चोरून रेकॉर्ड करायच्या फंदात पडू नका, जजला ते आवडत नाही आणि उद्या मुलगी मोठी होऊन ऐकेल तेव्हा तिलाही नाही.

पेडण्याच्या आजींना, आजी-आजोबांनाही भेट मिळू शकते, कोर्ट मुलाचं हित बघून देतं. पण तुमच्या मुलाला भेट मिळालेली असेल तर त्याच वेळात नातू तुमच्याकडे येऊ शकतो, तुमचा वेगळा अर्ज लागणारच नाही. आधी मुलाची ऑर्डर वाचून घ्या त्यात काय लिहिलंय.

साखळीची_मुलगी :
मी अशाच घरातली मुलगी आहे, आता बावीस वर्षांची. आईबाबा वेगळे झाले तेव्हा मी तिसरीत होते. इथे सगळे मोठे लिहितायत म्हणून मला वाटलं मी पण लिहावं.

मी पण "मला जायचं नाही" म्हणायचे. आईने कधी मला बाबांबद्दल वाईट सांगितलं नाही, तोंडाने नाही. पण रविवारी सकाळपासून तिचा चेहरा उतरलेला असायचा, ती माझी वेणी घालताना काही बोलायची नाही, आणि मी गेटबाहेर पडले की ती आत जाऊन दार लावायची. मला वाटायचं मी गेले तर तिला त्रास होतो. म्हणून मी पोटात दुखतं म्हणायचे आणि तिचा चेहरा एकदम मोकळा व्हायचा. कोणी पढवावं लागत नाही काका, मूल चेहरा बघतं. आणि बाबांकडे गेले की तिथे मजा यायची आणि मग घरी येऊन मजा आली हे सांगायचं नाही असं मी ठरवलेलं. बाबांनी घेतलेला फ्रॉक मी बाबांच्याच घरी सोडून यायचे, कपाटात ठेवला तर आई रोज बघणार म्हणून.

मग मधे बाबांनी यायचं बंद केलं. ते म्हणतात तुझी इच्छा नव्हती म्हणून मी त्रास दिला नाही. मला मात्र वाटलं त्यांना मी नकोच होते. हे मी त्यांना गेल्या वर्षी सांगितलं तेव्हा ते काहीच बोलू शकले नाहीत. म्हणून तुम्हाला सांगते, ती नाही म्हणाली तरी तुम्ही जात राहा. जबरदस्ती करू नका, पण जा, तिला दिसू दे की तुम्ही आलाय. चिठ्ठी लिहा, चित्र पाठवा, वाढदिवसाला पोस्टाने काहीतरी पाठवा, मिळो न मिळो. आणि तिच्यासाठी जे पाठवाल त्याची एक कॉपी, फोटो, तुमच्याकडे ठेवा, ती मोठी झाल्यावर तिला बघायला.

फोंडेकर८४ :
बाळ, तुझं वाचून मला लिहायला सुचत नाहीये. नक्की जाईन.

सगळ्यांचे आभार. पोटगी मी बंद करणार नाही, ते मनात घोळत होतं हे खरं. वकीलताई, फक्त एक, पुण्याचं काय? ती खरंच गेली तर मी गोव्यात केस करायची की पुण्यात? आणि तिने नोकरी करू नये असं मला नाही म्हणायचं, तिला चांगली नोकरी मिळत असेल तर मुलीचंही भलंच आहे.

मडगावकर_बाबा :
हे शेवटचं वाक्य आहे ना दादा, ते अर्जात तसंच्या तसं लिहा.

बार्देशची_वकील :
हो, तसंच लिहा. आणि उशीर करू नका. मुलाच्या ताब्याची मॅटर मूल साधारणपणे जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालते, म्हणजे ती पुण्याला जाऊन तिथल्या शाळेत रुळली, वर्ष गेलं, की समोरून म्हणणार आता गोव्याच्या कोर्टाचा संबंध काय. म्हणून ती इथे असतानाच अर्ज टाका आणि त्यात अंतरिम मागणी करा की कोर्टाला सांगितल्याशिवाय मुलीला राज्याबाहेर कायमचं हलवू नये. याचा अर्थ जाऊच नये असा नाही. आई जाणार असेल तर कोर्ट दोघांना बसवून नवीन वेळापत्रक ठरवतं, मग महिन्यातले दोन रविवार न राहता मोठ्या सुट्ट्या जास्त, म्हणजे मे महिना, चवथ, दिवाळी तुमच्याकडे, रोज व्हिडिओ कॉल, प्रवासाचा खर्च कोणी करायचा ते पण. ताबा आणि भेटीच्या ऑर्डरी कधीच कायमच्या नसतात, परिस्थिती बदलली की बदलून मागता येतात, सुप्रीम कोर्टाने हे १९७३ पासून सांगितलंय.

कोर्ट बहुतेक मीडिएशनला म्हणजे मध्यस्थासमोर बोलणी करायला पाठवेल. जा, टाळू नका. तिथे जुनं काढायचं नाही, फक्त रविवार, फोन आणि पुणं एवढ्यावर बोलायचं. तिच्याकडच्या कोणा शहाण्या माणसाशी, मामा वगैरे, तुमचं अजून बोलणं असेल तर अर्ज टाकायच्या आधी त्यांच्या कानावर घाला की हे तिच्याविरुद्ध नाही. नोटीस अचानक घरी पोचली की पुढचे दोन रविवार तर नक्कीच जातात.

सोमवारी सर्टिफाइड कॉपीचा अर्ज करून टाका. तोपर्यंत येतो तो पहिला रविवार आहे ना? दहाला तिथे असा.

फोंडेकर८४ :
हो, पहिलाच. असतो.